आठवीतून इयर १०, तिसरीतून इयर ३ : ठाण्याहून इंग्लंडला जाणाऱ्या एका घराचा शालेय हिशेब

घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ राहणारं चौघांचं कुटुंब. वडिलांची कंपनीतर्फे इंग्लंडला बदली झाली, किमान तीन वर्षांसाठी, आणि ते ऑक्टोबर २०२५ मध्ये एकटे जाऊन रुजू झाले. थोरल्या मुलीचा जन्म जुलै २०११ चा. ती सीबीएसईच्या शाळेत आठवीत होती आणि तिचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालं होतं. धाकटा ऑक्टोबर २०१७ चा. तो राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमात तिसरीत होता आणि त्याचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू झालं होतं. आई आणि मुलांनी कधी निघायचं, एवढाच प्रश्न होता.

घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच होतं. मार्चच्या परीक्षा होऊ देत, मे महिना आजी-आजोबांकडे जाऊ दे, मग जुलै-ऑगस्टमध्ये निघा. इंग्लंडमध्ये वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, म्हणजे मुलांना पहिल्या दिवसापासून वर्गात बसता येईल आणि इथलं वर्षही वाया जाणार नाही. ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. धाकट्याच्या बाबतीत ते चाललंही असतं. थोरलीच्या बाबतीत मात्र उपलब्ध पर्यायांमधला हाच सगळ्यात महागात पडणारा पर्याय होता. तो का, हे या प्रकरणात तपशिलात मांडलं आहे.

हे एकाच घराचं हुबेहूब वर्णन नाही. अशा बदल्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका कुटुंबाच्या चौकटीत बसवल्या आहेत. तारखा आणि नियम मात्र खरे आहेत, आणि ते फक्त इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडचं वर्ष ऑगस्टमध्येच सुरू होतं आणि वयाची रेषाही वेगळी आहे, त्यामुळे एडिनबरा किंवा ग्लासगोला जाणाऱ्यांनी हा हिशेब जसाच्या तसा उचलू नये.

इयत्ता कोण ठरवतं

आपल्याकडे मूल कोणत्या इयत्तेत आहे, हे त्याने मागची इयत्ता पूर्ण केली की नाही यावरून ठरतं. इंग्लंडमध्ये ते जन्मतारखेवरून ठरतं. १ सप्टेंबर ते पुढच्या वर्षीचा ३१ ऑगस्ट या बारा महिन्यांत जन्मलेली सगळी मुलं एका वर्गात. नापास होऊन मागे राहणं नाही, हुशार म्हणून पुढे ढकलणं नाही. २०२५-२६ या वर्षात इयर ३ म्हणजे १ सप्टेंबर २०१७ ते ३१ ऑगस्ट २०१८ मध्ये जन्मलेली मुलं, आणि इयर १० म्हणजे १ सप्टेंबर २०१० ते ३१ ऑगस्ट २०११ मधली.

परदेशी गेलेल्या ओळखीच्यांकडून एक सोपं सूत्र ऐकायला मिळतं : ‘आपली इयत्ता अधिक एक.’ आठवी म्हणजे इयर ९, तिसरी म्हणजे इयर ४. पुष्कळ मुलांना ते लागू पडतं म्हणून ते टिकून आहे. या घरात ते दोन्ही मुलांच्या बाबतीत चुकलं, आणि उलट्या दिशांनी चुकलं.

थोरलीला नर्सरीत एक वर्ष उशिरा घातलं होतं. ठाण्याच्या वर्गात ती वयाने मोठ्यांपैकी होती. जुलै २०११ चा जन्म म्हणजे ती इंग्लंडच्या हिशेबाने थेट इयर १० मध्ये गेली, आणि तिथे वर्गातल्या सगळ्यात लहानांपैकी ठरली. धाकट्याचं उलट. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्षी पहिलीत प्रवेश मिळतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये जन्मलेला हा मुलगा जून २०२३ मध्ये साडेपाच वर्षांचा असतानाच पहिलीत बसला होता. ठाण्यात तो वर्गातला लहान, तर इंग्लंडमध्ये इयर ३ च्या मोठ्यांपैकी. म्हणजे एकीचं आठवीतून इयर १०, दुसऱ्याचं तिसरीतून इयर ३.

म्हणून पहिलं काम विमानाचं तिकीट पाहण्याचं नव्हेच. कागदावर मुलाची जन्मतारीख लिहायची, ती कोणत्या सप्टेंबर-ऑगस्टमध्ये पडते ते पाहायचं, आणि पुढची तीन वर्षं त्याखाली मांडायची. या कामाला पाच मिनिटं लागतात. ते न केल्यामुळे मुलांचं होणारं नुकसान भरून काढायला वर्ष जातं.

निघण्याच्या तीन तारखा

इयर १० आणि इयर ११ मिळून जीसीएसईचा, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि परीक्षा इयर ११ च्या मे-जूनमध्ये. थोरलीसाठी ती मे २०२७. सप्टेंबर २०२५ ते मे २०२७ च्या सुरुवातीपर्यंत शिकवण्याचे सुमारे ६८ आठवडे धरता येतात : इयर १० चे ३८ आणि इयर ११ चे जेमतेम ३०. सुट्ट्या यात धरलेल्या नाहीत.

डिसेंबरअखेर निघून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शाळेत बसलं, तर ऑटम टर्मचे, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबरच्या सत्राचे, सुमारे १४ आठवडे बुडतात आणि ५४ हातात राहतात. मार्चची वार्षिक परीक्षा देऊन ईस्टरच्या सुट्टीनंतर, म्हणजे एप्रिलच्या मध्याला बसलं, तर आणखी ११ आठवडे जातात आणि ४३ उरतात. घरच्यांच्या मताप्रमाणे सप्टेंबर २०२६ मध्ये बसलं, तर ती इयर १० मध्ये नसेल. जन्मतारखेने ती तोवर इयर ११ मध्ये गेलेली असेल, हातात ३० आठवडे असतील आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच पहिली सराव परीक्षा असेल. ज्याला आपण कोरी सुरुवात समजतो ते प्रत्यक्षात दहावीच्या वर्षात नव्या बोर्डावर जाणं आहे, तेही मधली नववी न शिकता. अनेक शाळा इयर ११ मध्ये नवा विद्यार्थी घेताना त्यामुळेच काचकूच करतात.

आणि या सगळ्याच्या बदल्यात काय मिळालं असतं? आठवीचं प्रगतिपुस्तक. इंग्लंडची सरकारी शाळा ते मागत नाही आणि त्यावरून काही ठरवतही नाही. वर्ष पूर्ण करण्याची आपली ओढ समजण्यासारखी आहे, कारण आपल्या व्यवस्थेत अर्धवट वर्षाला किंमत नसते. तिकडे मात्र बुडालेल्या प्रत्येक महिन्याची किंमत मोजावी लागते. कुटुंबाने डिसेंबरची तारीख निवडली. आमच्या मते तोच निर्णय बरोबर होता.

मुलगी सातवीत आणि जन्म २०१३ चा असता, तर आम्ही हेच सांगितलं नसतं. इयर ७ ते ९ मध्ये पाच-सहा महिने इकडेतिकडे झाले तरी भरून काढता येतात, आणि तिथे मार्चपर्यंत थांबून निघण्यात काही बिघडत नाही. घाई इयर १० आणि ११ च्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांसाठीच आहे. जिथे निघणं खरोखरच लांबतं, तिथे एक खाली वर्ग मागण्याची वाट आहे. वयाच्या वर्गाबाहेर प्रवेश द्यावा असा लेखी अर्ज पालक करू शकतात आणि निर्णय प्रवेश देणारी संस्था मुलाचं हित पाहून घेते. या घरानेही तो अर्ज केला. शाळेने इयर ९ नाकारलं, पण इयर १० मध्ये विषयांचा भार कमी करायचं मान्य केलं. अर्ज करताना ‘भारतात ती आठवीत होती’ एवढंच लिहून भागत नाही. गणितात आणि विज्ञानात नेमके कोणते भाग शिकवलेले नाहीत, याची यादी जोडावी लागते. विषय कमी करून मिळाले ते त्या यादीमुळेच.

मधल्या वर्षातला प्रवेश

सप्टेंबरच्या नेहमीच्या प्रवेशासाठी अर्जाच्या तारखा ठरलेल्या असतात : माध्यमिक शाळेसाठी आदल्या वर्षाचा ३१ ऑक्टोबर, प्राथमिकसाठी १५ जानेवारी. वर्षाच्या मध्ये येणाऱ्यांचा मार्ग वेगळा, त्याला इन-इयर अर्ज म्हणतात. काही भागांत तो काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे जातो, काही शाळा थेट घेतात. एकाच शहरात दोन शाळांच्या दोन तऱ्हा असू शकतात, तेव्हा प्रत्येक शाळेच्या संकेतस्थळावरचं प्रवेशाचं पान वेगळं वाचावं.

इथे वडील आधी गेल्याचा मोठा फायदा झाला. नोव्हेंबरच्या मध्याला घराचा भाडेकरार झाला, २४ नोव्हेंबरला दोन्ही मुलांचे अर्ज गेले, सोबत करार, मुलांचे पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि विमानाची तिकिटं. नियमाप्रमाणे उत्तर १० शालेय दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा आणि १५ शालेय दिवसांत ते लेखी द्यायलाच हवं. २४ नोव्हेंबरपासून १५ शालेय दिवस १२ डिसेंबरला संपतात, म्हणजे नाताळच्या सुट्टीआधी. हाच अर्ज मुलं उतरल्यावर ५ जानेवारीला केला असता तर मुदत २३ जानेवारीपर्यंत गेली असती. मग शाळेची भेट, गणवेश, वेळापत्रक, आणि फेब्रुवारीच्या मध्याला हाफ-टर्मची आठवडाभराची सुट्टी. काही काउन्सिल मुलं देशात आल्याशिवाय अर्ज पुढे नेतच नाहीत. घर शोधण्याआधीच त्या भागाची पद्धत पाहून ठेवणं म्हणूनच गरजेचं आहे.

धाकट्याला चालत दहा मिनिटांवरची शाळा मिळाली. थोरलीला जवळच्या शाळेत जागा नव्हती. चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत मिळाली, आणि जवळच्या शाळेच्या प्रतीक्षा यादीत नाव राहिलं. ही यादी आपल्या ओळखीच्या याद्यांसारखी नसते. आधी नाव लावलं म्हणून नंबर आधी येत नाही. शाळेच्या निकषांप्रमाणे, म्हणजे भावंडं, अंतर वगैरे पाहून क्रम लागतो आणि नंतर आलेलं मूल वर जाऊ शकतं. नकाराविरुद्ध स्वतंत्र समितीकडे अपील करता येतं. इयर १० च्या मुलीसाठी मात्र एकदा विषय सुरू झाल्यावर जवळची शाळा मिळाली तरी बदलावी का, हा विचार करायला हवा. दोन शाळांची परीक्षा मंडळं वेगळी असू शकतात, आणि इंग्रजी साहित्यात नेमलेलं नाटक किंवा कादंबरी तर बहुधा वेगळीच असते. या कुटुंबाने मार्चमध्ये आलेली जवळची जागा सोडून दिली.

कागदपत्रांच्या बाबतीत उलटा अनुभव येतो. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही, अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण), यांपैकी काहीही तिथली सरकारी शाळा मागत नाही. वय आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. उपयोगी पडणारा कागद एकच, आणि तो सहसा कोणी नेत नाही : ठाण्याच्या शाळेने विषयवार कुठपर्यंत शिकवलं, त्याची एक-दोन पानी यादी, विषयशिक्षकांच्या सहीने. सोबत लसीकरणाचं पुस्तक न्यावं. तिथे किशोरवयातला टीडी-पोलिओचा डोस आणि मेनिंजायटिसची लस साधारण इयर ९ मध्ये, तर एचपीव्हीची लस इयर ८ मध्ये शाळेतच देतात. इयर १० मध्ये येणाऱ्या मुलीचं हे सगळं हुकलेलं असतं, आणि विचारल्याशिवाय कोणी आठवण करून देईलच असं नाही. घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवताना हा विषय काढावा.

इयर १० मध्ये जानेवारीत बसणं

इंग्रजी भाषा, इंग्रजी साहित्य, गणित आणि विज्ञान हे सक्तीचे. कम्बाइन्ड सायन्स दोन जीसीएसईच्या बरोबरीचं धरतात, म्हणजे हे पाच झाले. त्यावर तीन-चार वैकल्पिक विषय असतात, ते मुलांनी इयर ९ मध्येच निवडलेले असतात. जानेवारीत आलेल्या मुलीला निवड नसते, रिकाम्या जागा असतात. थोरलीला भूगोल आणि कॉम्प्युटर सायन्स मिळालं, एकूण सात. परकी भाषा शाळेने सोडू दिली, कारण फ्रेंचचा वर्ग काही वर्षं पुढे होता. तिचा तो वेळ इंग्रजी आणि गणिताच्या आधारवर्गाला गेला. मराठीचा जीसीएसई पेपर नाही, त्यामुळे तिची चांगली असलेली भाषा इथे गुण मिळवून देत नाही. सात विषय कमी वाटून पालकांचा जीव खालीवर होतो. तो होऊ देऊ नये. पुढच्या शिक्षणासाठी इंग्रजी आणि गणितात किमान ४ ही श्रेणी हवी, नाहीतर १६ व्या वर्षानंतरही ते विषय चालू ठेवावे लागतात. नऊ विषयांत चाचपडण्यापेक्षा सात विषयांत ६-७ मिळवणं केव्हाही चांगलं. श्रेणी ९ ते १ अशा असतात आणि ९ सर्वांत वरची.

गणितात गोंधळ अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी झाला. आकडेमोडीत ती वर्गाच्या पुढे होती. पण त्रिकोणमिती आणि वर्गसमीकरणं सीबीएसईमध्ये दहावीला येतात. तिथे इयर १० मध्ये ती येऊन गेलेली किंवा चालू असतात. वर्तुळाची प्रमेयं, सदिश, संभाव्यतेचे वृक्षाकृती आराखडे हेही नवं. तीन पेपरांपैकी पहिला कॅल्क्युलेटरशिवाय आणि उरलेले दोन कॅल्क्युलेटरसह असतात. ज्या मुलीने आयुष्यात परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरलेला नाही, तिला त्याची बटणं सरावाची नसतात. ती कागदावर चार ओळी करते, वेळ जातो. पहिल्या चाचणीत तिचा कॅल्क्युलेटरवाला पेपर दुसऱ्या पेपरपेक्षा वाईट गेला, त्याचं कारण एवढंच होतं. सायंटिफिक कॅल्क्युलेटर ठाण्यातच घेऊन निघण्याआधी महिनाभर हाताळलेला बरा. मात्र शाळेत कोणतं मॉडेल वापरतात ते विचारून घ्यावं.

या घरात नोव्हेंबर-डिसेंबरचे सहा आठवडे नौपाड्यातल्या क्लासमध्ये आठवीचा पोर्शन पूर्ण करण्यात गेले. फी भरलेली होती आणि क्लास सोडवत नव्हता. तेच सहा आठवडे पायथागोरस, त्रिकोणमितीची तोंडओळख, वर्गसमीकरणाचे अवयव आणि करणी यांना दिले असते, तर जानेवारीतला धक्का निम्मा झाला असता. बीबीसी बाइटसाइझ आणि ओक नॅशनल अकॅडमी या दोन्हींवर या भागांचे धडे फुकट आहेत. शाळा निश्चित झाल्याबरोबर परीक्षा मंडळाचं नाव विचारून त्या मंडळाचा अभ्यासक्रम उतरवून घेता येतो. क्लास सोडायला जड जातं, पण सोडावा.

खरी चढण इंग्रजी साहित्याची. शेक्सपिअरचं एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी, १९१४ नंतरचं एक नाटक किंवा कादंबरी, आणि कवितांचा संच. पुस्तक समोर न ठेवता त्यावर निबंध लिहायचा. सीबीएसईच्या मुलांना धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची सवय असते. इथे एका वाक्यातला एक शब्द लेखकाने का निवडला, यावर परिच्छेद लिहावा लागतो. ऑटम टर्ममध्ये शिकवून झालेलं नाटक तिला घरी एकटीने वाचावं लागलं. त्यासाठी फेब्रुवारीची हाफ-टर्म आणि ईस्टरचे दोन आठवडे आधीच राखून ठेवले होते. भूगोलात दोन क्षेत्रभेटी सक्तीच्या असतात. पहिली ऑक्टोबरमध्ये झालेली होती, ती पुढच्या तुकडीबरोबर करून घ्यावी लागेल, हे आईने विचारलं तेव्हा कळलं.

शाळेने दोन्ही मुलांची नोंद ‘इंग्रजी अतिरिक्त भाषा’ या गटात केली. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांच्या पालकांना हे लागतं. त्यात कमीपणा काही नाही. घरात बोलली जाणारी भाषा दुसरी आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि आधाराचे तास त्यातून मिळू शकतात. नोंद बदलायला लावू नये.

धाकट्याचं इयर ३

इथे काळजीचं फारसं काही नव्हतं. इयर ३ मध्ये सरकारी चाचणी नाही. बारापर्यंत पाढे पाठ असल्यामुळे गणितात त्याला पहिले दोन महिने सोपे गेले. इयर ४ च्या जूनमध्ये पाढ्यांची संगणकावरची चाचणी असते : २५ प्रश्न, १२ गुणिले १२ पर्यंत, प्रत्येकाला ६ सेकंद. पाढे म्हणत म्हणत उत्तरापर्यंत पोचणाऱ्या मुलाला ६ सेकंद कमी पडतात. ‘सात आठे’ विचारल्यावर लगेच ‘छप्पन्न’ यायला हवं आणि ते कळफलकावर टाइप करता यायला हवं. त्याच्यासाठी ती चाचणी जून २०२७ मध्ये आहे, तयारीला भरपूर वेळ आहे.

मागे पडला तो लिहिण्यात. ठाण्यात फळ्यावरचं उतरवून घ्यायची सवय, तिथे स्वतःच्या मनाने पान भरायचं. रोज घरी पुस्तक येतं, पालकांनी दहा-पंधरा मिनिटं ऐकून वहीत सही करायची असते. गणित बरं चाललंय म्हणून हे वाचन ढिलं सोडणं ही या वयातली नेहमीची चूक, आणि तिचे परिणाम इयर ५ पर्यंत दिसत नाहीत.

डब्याचं सांगायलाच हवं. पुष्कळ प्राथमिक शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाणे आणि सुका मेवा आणायला बंदी असते. आपल्या डब्यात कूट कुठे कुठे असतं ते आठवून पाहावं : साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, चटणी, चिक्की. पहिल्याच आठवड्यात खिचडीचा डबा न उघडता परत आला. लंडन सोडलं तर सर्वांना मोफत जेवण इयर २ पर्यंतच असतं, इयर ३ पासून पैसे भरून घ्यावं लागतं किंवा घरून द्यावं लागतं. कुटाऐवजी ओलं खोबरं वापरायला काही शाळांत हरकत नसते, पण ते आधी विचारून घ्यावं.

मे महिना नाही, गणपतीला शाळा आहे

कुटुंबाला सगळ्यात जास्त जड जाते ती हीच गोष्ट. ठाण्यात वर्षाचा कणा म्हणजे मे महिन्याची लांब सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी. इंग्लंडमध्ये साधारण दर सहा-सात आठवड्यांनी सुट्टी येते : ऑक्टोबरअखेर एक आठवडा, नाताळचे दोन, फेब्रुवारीत एक, ईस्टरचे दोन, मेअखेर एक, आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सहा. मे महिन्यात, आंबे ऐन भरात असताना, इयर १० ची वार्षिक परीक्षा चालू असते. मोठी सुट्टी पडते तेव्हा कोकणात पाऊस, आंबा संपलेला, चुलत-मावस भावंडांची शाळा सुरू. आजोळची ‘मे महिन्याची सुट्टी’ पुढची काही वर्षं मुलांना मिळणार नाही, हे आजी-आजोबांना निघण्याआधी स्पष्ट सांगितलेलं बरं. त्यांनाच तिकडे बोलवायचं असेल तर जुलैच्या शेवटी बोलवावं, तेव्हा मुलं दिवसभर घरी असतात. एप्रिल-मेमध्ये ते येतात आणि दिवसभर रिकाम्या घरात बसून राहतात.

सण सुट्टीत येईलच असं नाही. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे उन्हाळी सुट्टीत. २०२६ ची १४ सप्टेंबरला, सोमवारी, शाळा सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले असताना. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी, ऑक्टोबरची हाफ-टर्म संपल्यावर. धार्मिक सणाच्या मुख्य दिवसासाठी शाळा रजा मान्य करते, ती आधी लेखी मागायची. तो एक दिवस असतो. गौरी-गणपतीसाठी दहा दिवस ठाण्याला येणं त्यात बसत नाही.

आपल्याकडे लग्नासाठी आठवडाभर शाळा बुडवली तर बाई वर्गात दोन शब्द बोलतात. तिथे दंड आहे. ऑगस्ट २०२४ पासून, १० शालेय आठवड्यांत १० सत्रं, म्हणजे पाच दिवस, परवानगीशिवाय गैरहजेरी झाली की दंडाचा विचार होतो. रक्कम प्रत्येक मुलामागे आणि प्रत्येक पालकामागे, २१ दिवसांत भरली तर ८० पौंड, नंतर २८ व्या दिवसापर्यंत १६०. दोन मुलं, दोन पालक, तर लवकर भरूनही ३२० पौंड. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६० चा दर, आणि तिसऱ्यांदा प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. सुट्टीच्या दोन दिवस आधीचं तिकीट स्वस्त मिळतं म्हणून घेणारे पुष्कळ असतात. दोन दिवसांवर सहसा दंड होत नाही, पण दिवस साठत जातात आणि इयर १० मध्ये ते दोन दिवसही परवडत नाहीत.

नोकरी करणाऱ्या आईवडिलांनी एक गणित मांडून ठेवावं. मुलं शाळेत १९० दिवस जातात. सोमवार ते शुक्रवार धरले तर वर्षात सुमारे ७० दिवस ती घरी असतात. बँक हॉलिडेचे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्यांचे, ८ वजा केले तर ६२ उरतात. दोघांची किमान कायदेशीर रजा, बँक हॉलिडे सोडून, २० अधिक २०. दोघांनी एकही रजा एकत्र घेतली नाही तरी २२ दिवस कमीच पडतात. ते हॉलिडे क्लबने, म्हणजे सुट्टीत मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रांनी, भरायचे असतात, आणि उन्हाळ्याच्या क्लबची चांगली जागा आयत्या वेळी मिळत नाही.

ठाण्यातली शाळा सोडताना

दाखला तिथे लागत नाही, म्हणून इथे घेतलाच नाही असं करू नये. डिसेंबरमध्ये निघायचं असेल तर पुढच्या हप्त्याची फी देय होण्याआधी लेखी अर्ज द्यावा, अनामत रकमेचा उल्लेख त्यातच करावा आणि पोच घ्यावी. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव पासपोर्टशी जुळतं का ते त्याच दिवशी खिडकीवर पाहावं, दुरुस्ती इंग्लंडहून करून घेणं फार कठीण. सोबत सहामाहीचे गुण, हजेरीचं पत्र आणि यूडायस प्लस या सरकारी शालेय नोंदणीवरचा मुलाचा कायम क्रमांक लिहून घ्यावा. परत येताना इंग्लंडची शाळा आपल्या पद्धतीचा दाखला देत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या वर्षात शिकला, असं पत्र मागावं लागतं आणि ते शेवटच्या आठवड्याच्या आत मागितलेलं बरं.

मराठीचं पुस्तक सोबत असावं. २०२० च्या कायद्यामुळे महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि तीन वर्षांनी धाकटा परतला तर तो सहावीत बसेल. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. आठवड्याला एक धडा आणि दहा ओळी शुद्धलेखन, एवढं टिकवलं तर पुरतं. हिवाळ्यात शाळा सुटायची वेळ भारतात रात्रीचे पावणेनऊ असते, मार्चअखेर तिथली घड्याळं पुढे गेल्यावर पावणेआठ. आजीसोबत वाचनाचा तास ठेवायचा तर याच वेळेला बसवता येतो.

थोरलीच्या परतीचा हिशेब वेगळा आहे. जीसीएसईचा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात लागतो. महाराष्ट्रातली अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाली आहे, आणि दहावीचा निकाल मेमध्ये लागल्यावर ती सुरू होते, त्यामुळे ऑगस्टअखेर मुख्य फेऱ्या झालेल्या असतात. त्यावर परदेशी बोर्डाची समकक्षता दाखवावी लागते. म्हणून अकरावीला ठाण्यात परतण्याचा बेत करणाऱ्या कुटुंबाने एक तर तिला तिथेच पुढची दोन वर्षं ए-लेव्हलसाठी (आपल्या अकरावी-बारावीच्या तोडीचा अभ्यासक्रम) ठेवावं, नाहीतर ठाणे-मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या कनिष्ठ महाविद्यालयांशी निकालाच्या आधीच बोलून ठेवावं. ऑगस्टमध्ये निकाल घेऊन उतरायचं आणि मग शोधायचं, यात एक वर्ष जाण्याची भीती खरी आहे.

२०२७ च्या उन्हाळ्याचं तिकीट काढताना आणखी एक पाहायचं. पेपर जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात संपले तरी परीक्षा मंडळं महिनाअखेरच्या सुमारास एक राखीव दिवस ठेवतात, आणि त्या दिवसापर्यंत विद्यार्थ्यांनी उपलब्ध असावं अशी अपेक्षा असते. धाकट्याची शाळा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आहे. चौघांनी एकत्र यायचं तर जुलैअखेरचंच तिकीट काढावं लागेल, आणि परतीचं तिकीट निकालाच्या गुरुवारच्या किमान दोन दिवस आधीचं. ए-लेव्हलच्या जागेची नोंदणी निकालाच्या दिवशी किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत शाळेत जाऊन करायची असते.